बसून करायचं काम

मी पडलो, पण एकटा पडलो नाही. माझ्याबरोबर एकवीस माणसांचं रक्त पडलं.

हा पराक्रम आमच्या शहरातल्या गारखेडा भागातल्या एका लहानशा लॅबमध्ये, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, उपाशीपोटी घडला. एरवी माझी रीत अशी, की सुई दिसली की मान भिंतीकडे वळवायची आणि भिंतीवर जे काही लावलेलं असेल ते वाचत बसायचं. ‘थायरॉइडची लक्षणे’ हा तक्ता मला त्यामुळे तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले, ते लेकीपायी. आमच्या रूपालीला मेडिकलच्या परीक्षेत मार्क कमी पडले. घरात आठ दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. मग कुणीतरी एक यादी आणून दिली: रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, डायलिसिसचं मशीन चालवणारे, ऑपरेशनच्या खोलीत सामान मांडून देणारे. “डॉक्टर नाही तर नाही, डॉक्टरच्या शेजारचं काहीतरी,” असं बायको म्हणाली. यादीतली पहिलीच ओळ रक्ताची होती आणि मला साखर तपासायची होतीच. म्हटलं, एका टोच्यात दोन कामं होतील. पोरीला ज्या कामाला घालायचं, ते बापानं आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

पाहिलं. सुई आत गेली, लाल रेघ नळीत चढली, आणि थायरॉइडचा तक्ता छताला जाऊन लागला.

लॅब म्हणजे दोन गाळे फोडून एक केलेली जागा. रक्त द्यायची खुर्ची आणि रक्त मोजायचं मशीन यांच्यात हातभर अंतर. त्या हातभरात एक स्टँड होता, आणि त्यात एकवीस ट्यूब टोपणं काढून, मशीनला लावायला तयार उभ्या होत्या. मला पडायला उरलेल्या तिन्ही बाजूंना भरपूर जागा होती. मी पडलो ते स्टँडवर.

शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय स्टुलावर चढवलेले होते आणि एक किडकिडीत, सावळा, पंचेचाळिशीचा माणूस माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. एका हातानं त्यानं माझी नाडी धरली होती. डोळे मात्र फरशीवर होते.

“सर, आज वार कोणता?”

“बुधवार.”

“डोकं ठी...” म्हणता म्हणता तो थांबला, घास गिळावा तसा शब्द गिळला आणि म्हणाला, “डोकं चालतंय. पडून ऱ्हावा.”

हा संघपाल. या लॅबचा टेक्निशियन. बावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. सकाळी साडेसहाला शटर वर करायचं, मशीनला पाणी पाजल्यासारखी औषधं पाजायची, मग दुपारपर्यंत लोकांच्या कोपराच्या लवणीत शिरा शोधायच्या. लोक त्याला ‘एक टोच्यावाला’ म्हणत. तान्ह्या मुलांचं रक्त काढायला पलीकडच्या दवाखान्यातून त्याला बोलावणं यायचं. इतकं सगळं असून रिपोर्टवर त्याचं नाव कुठंच नसायचं. खाली सही डॉक्टरांची, वर नाव लॅबचं, आणि मधले आकडे संघपालचे.

फरशी पुसून झाल्यावर हिशेब लागला. चौदा ट्यूबांच्या तळाशी मशीनला पुरेल इतकं रक्त उरलं होतं. सहा माणसं गारखेड्यातलीच होती, त्यांना काउंटरवरच्या कहकशानं फोन लावले. मी आडवा पडून ऐकत होतो. “आंटी, फिरसे आना पडता. नाय नाय, तुमच्या रक्तात कायबी खराबी नाय. हमारे इधर एक सर गिर गये.” असं सहा वेळा. सातव्या वेळेला तिनं फोन खाली ठेवला. “संघपालभाई, ये फर्दापूरवाली का नंबर बंद आ रहा.”

फर्दापूरवाली म्हणजे गोजरबाई. साठीची बाई. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी गाव, तिथून पहिल्या बसनं एकटी आली होती. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: ताप, अशक्तपणा, रक्ताच्या सगळ्या पेशी मोजा. रक्त देऊन ती लगेच परतीच्या बसला गेली. रिपोर्ट मुलाच्या फोनवर पाठवायचा होता. मुलगा, सांडू त्याचं नाव, लेण्यांपाशी पर्यटकांना रंगीत दगड विकायचा. तिथं दरीत फोन लागायचा तो देवाच्या मर्जीनं.

लॅबचा मॅनेजर अतुल आतून आला. अतुल वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता, आणि दोन्हीत फरक कमी असतो.

“शंभर किलोमीटरवरच्या बाईला परत बोलावणार तुम्ही?” तो म्हणाला. “अहो, फिकट पडलेली बाई. हिमोग्लोबिन साडेआठ टाका, बाकीचं नॉर्मल. तिकडचा डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या देणार. खरा रिपोर्ट गेला तरी त्याच देणार.”

संघपाल हात धूत होता. तो पाठमोराच बोलला. “सही डॉक्टरांची असती, अतुलभाऊ. आकडा माझा असतो.”

“मग काय करता?”

“जाऊन येतो.”

“ड्युटी आहे तुमची.”

“रजा टाका.”

बर्फाच्या पिशव्या घातलेला एक निळा डबा त्यानं काखेत मारला, सुया, ट्यूब, कापूस खिशात कोंबले आणि निघाला. मीही उठलो. माझ्यामुळे हे झालं होतं; घरी जाऊन पोहे खाणं बरं दिसलं नसतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही कामून? बसमदी पडाल.” पण नको असंही म्हणाला नाही.

मध्यवर्ती बसस्थानकातून साडेदहाला बस सुटली. फुलंब्रीपर्यंत तो डबा मांडीवर घट्ट धरून बसला होता. मी आपला रूपालीचा विषय काढला. म्हटलं, मुलीनं हा कोर्स घ्यावा का? पुढं काय असतं? संघपालनं विचारलं, “साडेपाचला उठती का?” म्हटलं, साडेआठला. “लोकांनी शिव्या दिल्यावर रडती का?” म्हटलं, मीच रडतो. तो थोडा हसला. मग त्याचं तोंड सुटलं ते सिल्लोडपर्यंत.

त्याचे वडील बन्सी रंगारी. भिंतींना रंग देणारे. भीमनगरात दोन खोल्या, आणि अंगावर कायम चुन्याचे ठिपके. पोरं त्यांना चांदण्या म्हणायची. एकदा एका मोठ्या दवाखान्याचं काम लागलं होतं. शिडीवर उभं राहून बाहेरची भिंत रंगवताना त्यांना खिडकीच्या काचेतून एक माणूस दिसला. पांढरा कोट, उंच स्टूल, समोर रक्त तपासायची दुर्बीण. तो माणूस दुर्बिणीत बघायचा, कागदावर काहीतरी लिहायचा, पुन्हा बघायचा. वर पंखा चालू. बन्सी शिडीवर पाऊण तास हात थांबवून बघत राहिले. मुकादमानं खालून शिव्या घातल्या तेव्हा भानावर आले.

“घरी येऊन म्हणले, संघ्या, तू ते शिक. बसून करायचं काम हाय. सावलीत हाय, आन् बसून हाय. दोन्ही एका ठिकाणी मी पयल्यांदाच पाह्यलं.” संघपालनं डबा मांडीवर नीट केला. “त्यांना काय माहीत, त्यो माणूस दिवसातून तेवढाच पाऊण तास बसला असंल. बाकी समदं उभ्यानं.”

बारावीला सायन्स, मग लॅबचा डिप्लोमा, मग शहागंजातल्या एका लॅबमध्ये पहिली नोकरी. बन्सींनी वस्तीत पेढे वाटले. पोरगा डॉक्टर झाला का, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “डॉक्टरला आधी ह्यालाच विचारावं लागतं.” ते खोटंही नव्हतं.

“मग?”

“मग काय. बाबांचा खांदा दुखायचा. आयुष्यभर हात वर करून काम. दुखायच्या गोळ्या चण्या-फुटाण्यावानी खायचे. मी शिकलेलो, म्हणलं, ह्या गोळ्यांनी किडनी जाती, एकदा तपासू. घरीच रक्त घेतलं, खिशात घालून लॅबला नेलं.”

या धंद्यातली एक रीत त्यानं मला सांगितली. लॅबवाल्याच्या घरच्यांचा नमुना सगळ्यात शेवटी लागतो. आधी गिऱ्हाईक. त्या दिवशी सगळं उरकेपर्यंत किडनीच्या टेस्टचं औषध संपलं. नवी बाटली होती. पण एका नमुन्यासाठी नवी बाटली फोडायची नाही, असा तिथला दंडक. उद्या चार नमुने आले की फोडू. संघपाल घरी आला तर बन्सी दारातच उभे.

“काय निघालं?”

“आता बापाला काय सांगू?” संघपाल मला म्हणाला. “ बाटली फोडली नाय म्हणून तुमची टेस्ट ऱ्हायली? एवढे पेढे वाटलेला माणूस. म्हणलं, ठीक हाय.”

बन्सी रंगारी त्याच पावली वस्तीत सांगून आले. पोरानं मशीनमधून काढलं, समदं ठीक हाय. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साफसफाईत ती ट्यूब गेली. तिसऱ्या दिवशी संघपाल सुई घेऊन बापाजवळ बसला, तर बन्सींनी हात मागं घेतला. “ठीक हाय म्हणलास ना? मंग परत टोचतो कामून?”

“तेव्हा सांगायचं ना खरं.”

“तेव्हाच सांगायचं व्हतं,” संघपाल म्हणाला. “मी म्हणलं, सराव करतो. त्ये म्हणले, दुसऱ्याच्या हातावर कर.”

आठ-नऊ महिन्यांनी पाय सुजले. मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा बन्सी रंगारी सावलीत, पंख्याखाली, चार चार तास बसू लागले. तीन वर्षं बसले आणि गेले. लवकर कळलं असतं तर वाचले असते का, हे संघपालनं दोन डॉक्टरांना विचारलं. दोघंही म्हणाले, सांगता येत नाही. “नक्की वाचले नसते म्हणले असते तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “नक्की वाचले असते म्हणले असते तरी बी चाललं असतं.”

शेवटपर्यंत बन्सींना ते कळलं नाही. शेवटच्या महिन्यातही ते आल्यागेल्याला सांगत, आमच्या पोरानं तपासलं तेव्हा ठीक होतं, त्यानंतर बिघडलं.

तेव्हापासून ‘ठीक हाय’ हे दोन शब्द संघपालच्या तोंडून गेले ते गेलेच. कुणी विचारलं, काय संघपाल, कसं काय? तर, “चाललंय.” पेशंटनं विचारलं, काही निघालं का? तर, “डॉक्टर सांगतील.” तुसडा माणूस म्हणून त्याची ख्याती झाली होती. मीही त्याला तेच समजत होतो, सिल्लोडपर्यंत.

पुढं बस घाट उतरली.

गोजरबाईचं घर विचारत गेलो तेव्हा दीड वाजला होता. बाई ओट्यावर बसून मुलाचे जांभळे-पांढरे दगड वर्तमानपत्रात गुंडाळत होती. संघपालला बघून तिनं कपाळावर आडवा हात धरला.

“आरं, सकाळी तर घेतलं रगत. येवढ्या लांबून परत आलास. माझ्या रक्ताची गोडी लागली का काय?”

“सांडलं, मावशी.”

“कुणी सांडलं?”

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच संघपाल म्हणाला, “माझ्या हातून.”

आणि मी तोंड मिटलं. त्या दिवशीचं ते माझं दुसरं पडणं. ह्या वेळी आवाज झाला नाही, एवढंच.

“जाऊंदे,” गोजरबाई म्हणाली. “दूध सांडलं असतं तर तुला मारलं असतं. रक्त काय, फुकटचं हाय.” आणि पदर सावरून तिनं हात पुढं केला.

सकाळी जिथं टोचलं होतं, तिथं तळव्याएवढा काळानिळा डाग उमटला होता. संघपालनं तो बघितला. दंडावर, मनगटावर आणखी तीन-चार डाग होते, ते बघितले. “हे कुठं लागलं, मावशी?”

“लागलं नाय कुठं. आपोआप येतंय. दात घासले तरी रक्त येतंय आताशा. म्हातारपण.”

त्यानं दुसऱ्या हाताची शीर शोधली, एकाच टोच्यात काम केलं, ट्यूब बर्फात ठेवली. मग तिच्या हातावर कापूस ठेवून स्वतःच दाबून बसला. एरवी कापूस ठेवला की तो पुढच्या माणसाकडे वळायचा. इथं दहा मिनिटं झाली तरी अंगठा काढेना. मी काय बघायचं म्हणून दगड बघत होतो.

“ठीक हाय ना रं, बाबा?” तिनं विचारलं.

“डॉक्टर सांगतील.”

“डॉक्टर कुठं आला? आलास तर तू.”

संघपालनं कापूस उचलून बघितला आणि पुन्हा दाबला.

बाईनं आम्हाला तसं सोडलं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मी रात्रीपासून उपाशी होतो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर तिसरीतली अर्धी. संघपाल म्हणाला, “सर, तुमची साखर आता पुढच्या महिन्यात बघू,” आणि गोजरबाई तोंडाला पदर लावून हसली. तिच्या हिरड्यांना रक्त आलेलं होतं.

परतीच्या बसला उभं राहून यावं लागलं. डबा त्यानं छातीशी धरला होता. एका बाईनं ‘टिफिन इकडं द्या, मी धरते,’ म्हटलं, तर तो म्हणाला, “नको ताई, जड नाय.”

सहाच्या आत लॅबवर पोचलो. कहकशा निघायच्या बेतात होती, ती थांबली. संघपालनं मला खुर्चीवर बसू दिलं नाही. “खाली बसा, सर. पडायला अंतर कमी लागंल.” मी भिंतीशी फरशीवर बसलो. त्यानं ट्यूब मशीनला लावली. मिनिटभरानं कागद बाहेर आला. तो वाचला, बाजूला ठेवला, ट्यूब हलवून पुन्हा लावली. दुसरा कागद आला. मग त्यानं काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ओढला, वाळवला, निळसर रंगात बुडवला, धुतला, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून दुर्बिणीसमोर बसला.

वर पंखा चालू होता. तो दुर्बिणीत बघायचा, कागदावर काहीतरी लिहायचा, पुन्हा बघायचा. बन्सी रंगाऱ्यांनी शिडीवरून पाहिलेलं बसून करायचं काम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून बघणाऱ्याला खरंच छान दिसत असेल.

बऱ्याच वेळानं तो उठला आणि त्यानं डॉक्टरांना फोन लावला. “सर, उद्या नको. आत्ता या.” एवढंच. डॉक्टर आले, त्यांनी स्टुलावर बसून बघितलं, आणि बसल्या जागेवरून फर्दापूरच्या डॉक्टरांना फोन केला. बोलणं इंग्रजीतून झालं. काय झालं ते समजायला मला इंग्रजी लागलं नाही. कहकशानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

रक्ताचा कॅन्सर, तोही घाईतला. सांडू दुसऱ्याच दिवशी आईला शहरात घेऊन आला. ती एकेचाळीस दिवस जगली. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, साडेआठ आणि नॉर्मल असा रिपोर्ट गेला असता तर आठ-दहा दिवसांत घरीच गेली असती. म्हणजे संघपालच्या रजेनं तिला महिनाभर मिळाला. तो तिनं दवाखान्याच्या खाटेवर, दोन्ही हातांना सुया लावून काढला.

सांडू लॅबमध्ये येऊन सांगून गेला, तेव्हा मी रूपालीच्या कोर्सची चौकशी करायला तिथंच आलो होतो. आईनं निरोप दिला होता म्हणाला: रक्त सांडलेल्या पोराला रागावू नका म्हणावं. अतुल माझ्याकडे बघत राहिला. मी थायरॉइडचा तक्ता वाचू लागलो.

रूपालीनं मधल्या काळात फॉर्म भरला. कसं असतं काम, असं तिनं विचारलं होतं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, “उभ्यानं करायचं असतं.” बाकीचं सांगायचं राहिलं. सांगेन सांगेन म्हणतो, आणि ती रोज साडेपाचचा गजर लावून बघते, उठता येतं का.

परवा शेवटी साखर तपासायला गेलो. मला आता तिथं आडवं झोपवूनच रक्त काढतात; स्टँड दुसऱ्या गाळ्यात नेला आहे. संघपाल वाळल्यासारखा दिसत होता. दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली. मी छताकडे बघत होतो. गोजरबाई गेल्यापासून त्याच्याशी काहीतरी चांगलं बोलावं असं मनात होतं, आणि आडवा पडलेला माणूस जरा जास्तच चांगलं बोलतो.

“संघपाल,” म्हटलं, “बावीस वर्षं झाली. लाखभर माणसांचं रक्त काढलं असेल तुम्ही. तुमच्या हातून किती माणसं बरी झाली असतील, विचार करा.”

त्यानं सुई काढली, माझ्या कोपरात कापूस ठेवला आणि हात मुडपला.

“एक बी नाय. दाबून धरा.”